सोरायसिसचं औषध लागू पडतंय का, हे सोनोग्राफीने कसं बघायचं

माझ्या डाव्या कोपरावरचा एक चट्टा आणि उजवी टाच, या दोन जागांची गेल्या चार वर्षांत नऊ वेळा सोनोग्राफी झाली आहे. पहिल्या वेळी काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठीवर नजरही न टाकता सांगितलं, “ताई, चार ग्लास पाणी प्या, लघवीला जोरात लागली की सांगा.” मी दीड तास तशीच बसून राहिले. आत गेल्यावर डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, “अहो, तुमची टाच आणि कोपर बघायचंय, पोट नाही.” टाच बघून झाली. कोपरावरच्या चट्ट्यासाठी लागणारा प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा यंत्राचा दांडा, त्या केंद्रात नव्हताच. साताऱ्याहून रजा टाकून पुण्याला गेले होते, त्यातलं निम्मं काम तसंच राहिलं.

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडे पोट, मुतखडा नाहीतर बाळंतपण डोळ्यांपुढे येतं. कातडीची, नखाची, टाचेची सोनोग्राफी होते आणि तिच्यावरून सोरायसिसचं औषध चालतंय की नाही ते कळू शकतं, हे मलाही आजार होऊन दहा वर्षं झाल्यावर कळलं. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. औषध कोणतं घ्यायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील. तपासणीला जाताना काय विचारायचं, काय न्यायचं आणि कुठे फसगत होते, एवढंच मी लिहिते आहे.

आधी थोडं: पडद्यावर दिसतं काय?

पोटाच्या सोनोग्राफीचा प्रोब साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झचा असतो. तो खोलवरचं दाखवतो, पण वरवरचं बारीक काही त्याला टिपता येत नाही. त्वचेसाठी किमान १५ मेगाहर्ट्झचा प्रोब लागतो. मेगाहर्ट्झ जितके जास्त तितकं चित्र बारीक, पण खोली कमी.

निरोगी कातडीचं चित्र अगदी साधं असतं. वर एक पांढरी चमकदार रेषा, तिच्याखाली जरा कमी पांढरा जाड पट्टा, आणि त्याखाली चरबीचा काळसर थर. प्रोब सोरायसिसच्या चट्ट्यावर आणला की वरची रेषा जाड आणि खडबडीत होते आणि तिच्या अगदी खाली एक काळी पट्टी उमटते. ती पट्टी म्हणजे सूज आणि फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या. डॉप्लर, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणारी यंत्रातली सोय, चालू केला की त्याच पट्टीत लाल-केशरी ठिपके लुकलुकतात. तिथे रक्त जास्त वाहतंय, म्हणजे दाह चालू आहे, असा त्याचा अर्थ. औषध लागू पडलं की वरची रेषा पातळ होत जाते, काळी पट्टी आक्रसते आणि ठिपके कमी होतात.

हे आपल्यासारख्या सावळ्या लोकांना का महत्त्वाचं आहे, ते सांगते. चट्टा बरा होतोय का, हे डॉक्टर लाली, जाडी आणि खवले बघून ठरवतात. त्याला पासी स्कोअर म्हणतात आणि तो ० ते ७२ असतो. गोऱ्या कातडीवर लाली ठळक दिसते. आपल्याकडे तीच लाली जांभळट, तपकिरी दिसते किंवा लक्षातच येत नाही. शिवाय चट्टा बसला तरी मागे काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. माझ्या नडगीवर असाच एक डाग होता. घरातले सगळे म्हणायचे, “अजून गेलं नाही गं.” मलाही तसंच वाटायचं. सोनोग्राफीत त्या डागाखालची कातडी बाजूच्या कातडीइतकीच पातळ निघाली, एकही ठिपका नाही. आजार तिथून गेला होता, राहिला होता तो फक्त रंग. त्या दिवशी डॉक्टरांनी औषधाचा डोस वाढवायचं रद्द केलं.

१. तुम्हाला ही तपासणी खरंच हवी आहे का?

कोपरा-गुडघ्यावर दोन-तीन चट्टे आहेत, मलमाने आटोक्यात राहतात आणि सांधे दुखत नाहीत, असं असेल तर बहुधा गरज नाही. डोळ्यांना आणि बोटांना कळतं तेवढं पुरेसं आहे. उगाच खर्च करू नका.

पुढच्यापैकी काही असेल, तर मात्र डॉक्टरांजवळ विषय काढा: गोळ्या किंवा इंजेक्शन सुरू होणार आहे, औषध बदलायचं की नाही याबद्दल शंका आहे, नखं खराब झाली आहेत, वर्षानुवर्षं एकाच जागी स्टिरॉइडचं मलम लावलंय आणि कातडी पातळ झाल्यासारखी वाटते, किंवा सांधे, टाचा, बोटं दुखतात.

शेवटच्या कारणाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. सोरायसिस असलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना पुढे सोरायटिक संधिवात होतो. बहुतेकांना आधी कातडीचा त्रास होतो आणि सांधे काही वर्षांनी धरतात, म्हणून दोन्हींचा संबंध कुणी जोडत नाही. हे पाच प्रश्न स्वतःला विचारून बघा. स्किनचे डॉक्टर वापरतात त्या पेस्ट नावाच्या प्रश्नावलीतले आहेत:

- कधी एखादा सांधा सुजला होता का?
- तुम्हाला संधिवात आहे असं कधी डॉक्टरांनी सांगितलंय का?
- हातापायांच्या नखांवर बारीक खड्डे आहेत का?
- टाच दुखते का?
- हाताचं किंवा पायाचं एखादं बोट काही कारण नसताना आख्खं सुजून दुखलं होतं का?

तीन किंवा जास्त उत्तरं ‘हो’ असतील, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. माझी तीन होती. तरी दोन वर्षं मी टाचेसाठी मऊ चपला, गरम पाण्याचा शेक आणि वेदनाशामक गोळ्या एवढंच करत होते, कारण एक्स-रे बघून “हाड वाढलंय” असं सांगितलं गेलं होतं आणि सोरायसिसचं मी तिथे बोललेच नव्हते. दिवसभर वर्गात उभं राहायचं, म्हणून टाच दुखते, हेच मी धरून चालले होते.

२. औषध सुरू होण्याआधीची तपासणी चुकवू नका

या लेखातलं एकच लक्षात ठेवणार असाल, तर हे ठेवा. एकटा रिपोर्ट फारसं काही सांगत नाही. ‘त्वचेची जाडी इतके मिलिमीटर’ या आकड्याचा तुम्हाला उपयोग तेव्हाच, जेव्हा त्याच जागेचा आधीचा आकडा हाताशी असतो. माणसागणिक आणि अंगाच्या जागेगणिक कातडीची जाडी वेगळी असते. तुमची तुलना तुमच्याशीच व्हायला हवी.

म्हणून नवीन औषधाचा पहिला डोस पोटात किंवा अंगात जायच्या आधी पहिली सोनोग्राफी करून घ्या. “आधी गोळ्या सुरू करू, फरक नाही पडला तर बघू,” असं म्हणून पुढे ढकलली, तर ती संधी परत येत नाही. आजार जोरात असेल आणि डॉक्टर म्हणाले की आजच औषध सुरू करा, तर अर्थातच औषध आधी. तपासणी त्याच आठवड्यात उरका.

आणखी एक. बिनलेबलची पुडी, कुणी गावाकडून आणून दिलेलं चूर्ण किंवा मलम चालू असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. मग पहिलाच रिपोर्ट खोटा चांगला येतो. ते एकदम बंद केलं की आजार उसळून येतो, कधीकधी पू भरलेल्या फोडांसकट. ते कसं थांबवायचं तेही डॉक्टरांनाच ठरवू द्या.

३. केंद्र निवडताना फोनवर विचारायचे प्रश्न

स्किनच्या दवाखान्यात सोनोग्राफीचं यंत्र सहसा नसतं. आपल्या देशात १९९४ च्या पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी करावी लागते, मग ते यंत्र टाच बघायला वापरा की पोट. त्यामुळे बहुतेकांना रेडिओलॉजिस्टकडेच जावं लागतं. काही संधिवाततज्ज्ञ स्वतः सांध्यांची सोनोग्राफी करतात. तुमच्या गावाजवळ असे कुणी असतील तर फारच उत्तम, कारण बघणारे आणि औषध देणारे डॉक्टर एकच असतात.

निघण्यापूर्वी फोन करा आणि हे विचारा:

- त्वचेसाठी १५ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून जास्तीचा लिनिअर प्रोब आहे का? बोटं आणि नखं बघायची असतील तर लहान, वाकड्या तोंडाचा ‘हॉकी स्टिक’ प्रोब आहे का?
- पॉवर डॉप्लर, म्हणजे बारीक, मंद रक्तप्रवाहही टिपणारा डॉप्लर, करतात का?
- सांध्यांची किंवा त्वचेची सोनोग्राफी करणारे डॉक्टर कोणत्या वारी असतात? पुढच्या वेळी तेच असतील ना?
- चित्रं सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मिळतील का?

काउंटरवरच्या व्यक्तीला पहिल्या प्रश्नाचं उत्तर येईलच असं नाही. “डॉक्टरांना विचारून सांगाल का, मी तासाभराने फोन करते,” असं म्हणा. कुणीही रागावत नाही. खर्चही याच फोनवर विचारा, आणि जागेगणिक पैसे की सगळे मिळून, हे पक्कं करून घ्या. दोन टाचा आणि दोन हात म्हणजे कुठे एक तपासणी धरतात, तर कुठे चार.

४. जागा ठरवा आणि लिहून ठेवा

अंगावर वीस चट्टे असले तरी वीस बघायचे नसतात. स्किनच्या डॉक्टरांसोबत बसून दोन किंवा तीन निवडा. माझ्या डॉक्टरांनी एक सगळ्यात जाड आणि एक सगळ्यात हट्टी, म्हणजे प्रत्येक औषधाला पुरून उरलेला, असे दोन निवडले. त्यांच्याबरोबर जवळची किंवा दुसऱ्या बाजूची निरोगी कातडी, तुलनेसाठी. खाजवून रक्त आलेली किंवा केसातली जागा शक्यतो नको.

मग ती जागा अशी नोंदवा की सहा महिन्यांनी चट्टा गेला तरी नेमकी सापडेल. ‘डावा कोपर’ एवढं पुरत नाही. माझ्या वहीत असं आहे: ‘डावा हात, कोपराच्या टोकापासून मनगटाकडे ३ सेंटिमीटर, मधोमध.’ शाळेतली प्लास्टिकची पट्टी चट्ट्याशेजारी धरून खिडकीच्या उजेडात मोबाईलवर फोटो काढला. पुढच्या प्रत्येक तपासणीच्या आदल्या दिवशी तसाच फोटो, त्याच खिडकीत, त्याच वेळी. रेडिओलॉजिस्टना हा फोटो दाखवला की त्यांचं कामही सोपं होतं.

सांध्यांसाठी जागा संधिवाततज्ज्ञ ठरवतात. टाचेमागचं टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, हाडाला चिकटतं ती जागा, तळपायाचा पडदा टाचेला जिथून सुरू होतो ती जागा, गुडघ्याच्या वाटीच्या वर-खाली आणि कोपराची बाहेरची बाजू या नेहमीच्या. टेंडन जिथे हाडात रुततं त्या जागेला एन्थेसिस म्हणतात आणि तिथल्या दाहाला एन्थेसायटिस. हा शब्द रिपोर्टमध्ये भेटेल, म्हणून सांगून ठेवते.

५. सोबत काय न्यायचं

- डॉक्टरांची चिठ्ठी. तिच्यावर नुसतं ‘सोनोग्राफी’ नको. ‘सोरायसिस, कोणत्या जागा, ग्रे स्केल आणि पॉवर डॉप्लर, कशासाठी’ हे सगळं लिहून घ्या. ग्रे स्केल म्हणजे नेहमीचं काळं-पांढरं चित्र.
- ओळखपत्र. काही केंद्रांत ते मागतात, खास करून महिलांकडे.
- आधीचे सगळे सोनोग्राफी रिपोर्ट, आणि नुसते रिपोर्ट नव्हे, चित्रंही.
- चालू औषधांची यादी: नाव, डोस, शेवटचा डोस किंवा इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतलं.
- गेल्या आठवड्यात घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, तारखेसह.
- जागांचे फोटो आणि वहीतली नोंद.
- सैल कपडे आणि एक जुना रुमाल. जेल पुसायला केंद्रात टिश्यू असतात, पण ते चट्ट्यावर खरखरीत लागतात.

६. आधीचा आठवडा आणि तो दिवस

जाड खवल्यांमधून ध्वनिलहरी नीट आत जात नाहीत, खाली काळी सावली पडते आणि खरं चित्र झाकलं जातं. म्हणून आठवडाभर रोज आंघोळीनंतर साधं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली लावून खवले मऊ होऊ द्या. नखाने किंवा घासणीने खरवडून काढू नका. खाली रक्त येतं, आणि जिथे जखम होते तिथे सोरायसिस नव्याने उठू शकतो. तपासणीच्या दिवशी सकाळी साध्या पाण्याने धुऊन, मलम न लावता जा.

नेलपॉलिश काढा, चिकटवलेली नखं असतील तर तीही. मेंदी असली तरी चालते.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल नीट वाचा, माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. चौथ्या तपासणीला मी घराजवळच्या दुसऱ्याच केंद्रात गेले. पुण्याला जायचा कंटाळा आला होता. आदल्या रात्री आणि सकाळी टाचेसाठी गोळी घेतली होती, ती कुणाला सांगितली नाही. रिपोर्ट आला, ‘डॉप्लरवर रक्तप्रवाह वाढलेला दिसत नाही.’ मला वाटलं आजार संपला. पुढचं इंजेक्शन मी स्वतःच्या मनाने लांबवलं. दोन महिन्यांत टाच इतकी धरली की सकाळी पलंगावरून उतरून न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जावं लागायचं. अशा गोळ्या सूज तात्पुरती उतरवतात आणि डॉप्लरचे ठिपके मंद करू शकतात. यंत्र वेगळं, त्याची सेटिंग वेगळी, बघणारे डॉक्टर वेगळे, आणि वर गोळी. त्या रिपोर्टची आधीच्या रिपोर्टशी तुलना करण्यात काही अर्थच नव्हता.

गोळ्या बंद करायच्या की नाही हे डॉक्टरांना विचारा, स्वतः ठरवू नका. जे ठरेल ते प्रत्येक तपासणीच्या वेळी तसंच पाळा.

त्या दिवशी सकाळी लांब चालायला जाऊ नका, जिने चढउतार करू नका. ताण पडलेल्या टेंडनमध्ये रक्तप्रवाह तात्पुरता वाढतो. उलट हात गार पडले असतील तर बोटांमधला प्रवाह कमी दिसतो. थंडीत किंवा एसीच्या खोलीत पंधरा-वीस मिनिटं हात शालीत गुंडाळून बसा. बिडी-सिगारेट आधी नको. उपाशी राहायची गरज नाही, आणि पाणी पिऊन लघवी धरायची तर मुळीच नाही.

७. तपासणीच्या खोलीत

दुखत नाही. किरणोत्सर्ग नाही. जेल थंड लागतं, एवढंच. दोन जागांसाठी साधारण अर्धा तास धरा.

डॉक्टर जाडसर जेलचा थर देतील आणि प्रोब त्या थरावर जवळजवळ तरंगत ठेवतील. हे असंच हवं. प्रोब दाबला की कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या चिमटतात आणि ठिपके नाहीसे होतात. चट्ट्यावर प्रोब जोरात दाबलेला जाणवला, तर नम्रपणे विचारा, “डॉक्टर, डॉप्लर बघताना दाब कमी ठेवायचा असतो ना?” मी एकदा विचारलं. डॉक्टरांनी मान डोलावली, आणखी जेल घातलं आणि पुन्हा बघितलं.

तुम्ही मात्र हलू नका. डॉप्लरला हालचाल म्हणजेच रक्त वाटतं. पाय थरथरला की पडद्यावर सगळीकडे रंग पसरतो.

नखाचं चित्र बघायला मिळालं तर नीट बघा. निरोगी नख पडद्यावर रेल्वेच्या रुळांसारखं दिसतं, दोन समांतर पांढऱ्या रेषा आणि मध्ये काळी फट. माझ्या अंगठ्याचा खालचा रूळ जागोजागी पुसला गेला होता आणि पुढे दोन्ही वेड्यावाकड्या वळल्या होत्या. नखाखालचा मऊ भागही जाड झाला होता. वरून नुसते बारीक खड्डे दिसत होते. नख हळू वाढतं, म्हणून त्यातला फरक दिसायला कातडीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. तीन महिन्यांत नख सुधारलं नाही म्हणून औषध टाकून देऊ नका.

निघण्यापूर्वी चित्रं मागून घ्या. बरीच केंद्रं ती गुळगुळीत थर्मल कागदावर छापून देतात. तो कागद उन्हाने, उष्णतेने फिकट पडतो. माझी पहिली चित्रं कपाटात दोन वर्षांत करडी झाली. घरी आल्या आल्या मोबाईलवर फोटो काढा, शक्य असेल तर डिजिटल प्रतच घ्या. चित्राच्या कडेला प्रोबची फ्रिक्वेन्सी आणि डॉप्लरची सेटिंग छापलेली असते. पुढच्या वेळी तीच ठेवता यावी म्हणून ती कापली जाऊ देऊ नका.

८. रिपोर्ट हातात आल्यावर

कातडीच्या रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा: एपिडर्मिस (कातडीचा वरचा थर) आणि डर्मिस (त्याखालचा जाड थर) यांची जाडी मिलिमीटरमध्ये, ‘हायपोएकोइक बँड’ म्हणजे ती काळी पट्टी आहे का आणि किती जाड, आणि डॉप्लरवर रक्तप्रवाह. तुमच्या वहीत याच तीन रकान्यांचा तक्ता करा.

सांध्यांच्या रिपोर्टमध्ये ० ते ३ अशी श्रेणी असू शकते. पॉवर डॉप्लरला ० म्हणजे काही नाही, १ म्हणजे एक-दोन-तीन सुटे ठिपके, २ म्हणजे सांध्याच्या सुजलेल्या आवरणाचा निम्म्याहून कमी भाग रंगलेला, ३ म्हणजे निम्म्याहून जास्त. ‘इरोजन’ लिहिलं असेल तर हाडाला खाचा पडल्या आहेत. ते वाचून लगेच संधिवाततज्ज्ञांची वेळ घ्या, तीन महिन्यांच्या पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका.

घाबरू नका अशाही काही गोष्टी असतात. ‘एन्थेसोफाइट’ म्हणजे टेंडनच्या मुळाशी हाडाचा छोटा काटा. तो वयाने, वजनाने, उभं राहायच्या कामानेही येतो. आणि एकदा आलेला काटा औषधाने विरघळत नाही, त्यामुळे पुढच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये तो राहणारच. औषधाचं काम बघायचं असेल तर काट्याकडे नाही, ठिपक्यांकडे आणि टेंडनच्या सुजेकडे बघा.

आता सगळ्यात गोंधळाचा भाग. कातडी आणि सांधे एकाच वेगाने बरे होत नाहीत. सहाव्या महिन्यात माझा कोपर लख्ख झाला होता. वर्गातल्या मुलींनी पहिल्यांदा मला अर्ध्या बाह्यांच्या ब्लाउजमध्ये बघितलं. स्किनचे डॉक्टर खूश, मी खूश. त्याच दिवशीच्या सोनोग्राफीत टाचेमागे ठिपके होतेच, आधीपेक्षा कमी, पण हाडाला अगदी चिकटून. फक्त कोपर बघून औषध कमी केलं असतं, तर टाच पुन्हा धरली असती. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही रिपोर्ट दाखवा. स्किनचा केसपेपर वेगळा आणि हाडांचा वेगळा ठेवू नका, फाईल एकच.

आणि याच्या उलटही होतं. रिपोर्टमध्ये एखादा ठिपका आहे, पण तुम्हाला काही त्रास नाही, दुखत नाही, कातडी साफ आहे. अशा वेळी लगेच औषध वाढवायचंच असं नाही. रिपोर्ट हा एक साक्षीदार आहे. दुखणं, सकाळचा आखडलेपणा, रक्तातले सीआरपी-ईएसआर, म्हणजे दाह दाखवणारे आकडे, आणि डॉक्टरांचा हात, या सगळ्यांचं म्हणणं ऐकून निर्णय होतो.

९. पुढची तपासणी कधी?

औषधाला वेळ द्यावा लागतो. मेथोट्रेक्सेट या सोरायसिस आणि संधिवात दोन्हींसाठी देतात त्या औषधाचा नीट परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. म्हणून कातडीची दुसरी सोनोग्राफी १२ आठवड्यांच्या आसपास करतात, सांध्यांची ३ ते ६ महिन्यांनी. त्याआधी घाईने केली तर निराशाच हाती येते. सगळं स्थिर झालं की माझे डॉक्टर वर्षातून एकदा बघतात, किंवा औषध कमी करायचं असेल तेव्हा. औषध कमी करण्याआधी एक आणि कमी केल्यावर तीन महिन्यांनी एक, अशी जोडी ठेवली तर आजार परत डोकं वर काढतोय का ते चट्टा दिसायच्या आधी कळू शकतं.

१०. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर यकृताची वेगळी तपासणी

ही वेगळी आहे, पण काउंटरवर हमखास गल्लत होते, म्हणून लिहिते. मेथोट्रेक्सेट दीर्घकाळ घेणाऱ्यांचं यकृत कडक होतंय का, हे बघायला फायब्रोस्कॅन करतात. तीही ध्वनिलहरींवरच चालते आणि निकाल किलोपास्कलमध्ये येतो. तिला मात्र किमान ३ तास उपाशी राहावं लागतं. दोन्ही एकाच दिवशी असतील तर फायब्रोस्कॅन आधी उरका आणि मग खाऊन घ्या.

याच औषधाबद्दल एक कळकळीची सूचना. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. रोज घेतलं तर जिवावर बेततं. चिठ्ठीवर वार लिहून घ्या, घरातल्या आणखी एकाला तो वार माहीत असू द्या. आमच्याकडे दिनदर्शिकेवर दर रविवारी मी लाल गोल करते आणि गोळी घेतली की मुलगा त्यावर फुली मारतो. दारू पूर्ण बंद. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, गरोदरपणात हे औषध चालत नाही.

वहीतलं एक पान, नमुन्यासाठी

माझ्या वहीत प्रत्येक तपासणीला एक पान आहे. त्यावर क्रमाने असं लिहिते: तारीख, केंद्र आणि डॉक्टर, यंत्र आणि प्रोब, मोजून घेतलेली जागा, औषध आणि शेवटच्या डोसची तारीख, वेदनाशामक गोळी घेतली की नाही, जाडी, काळी पट्टी, ठिपके, सकाळी टाच किती मिनिटं आखडते, आणि तळहाताच्या मापाने अंगावर किती चट्टे उरले. आपला बोटांसकट तळहात म्हणजे शरीराच्या सुमारे १ टक्का, त्यामुळे हे घरच्या घरी मोजता येतं. पहिल्या पानावर अकरा तळहात आणि पन्नास मिनिटं लिहिलेली आहेत. नवव्या पानावर अर्धा तळहात आणि पाच मिनिटं.